गाणं बाहेर पडण्याआधीचा कागद

मागच्या अंकात स्वतःच्या गाण्याच्या हक्कांबद्दल शंका मागवल्या आणि नागपूर-विदर्भातून इतकी पत्रं आली की निवड करावी लागली. बहुतेकांना एकच धास्ती आहे: गाणं बाहेर पाठवलं की कोणीतरी अनोळखी माणूस ते उचलून नेणार. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत अनोळखी माणूस क्वचितच असतो. भांडण असतं ते कवी आणि संगीतकाराचं, गायिका आणि स्टुडिओवाल्याचं, कालपर्यंत एका ताटात जेवणाऱ्या दोन मित्रांचं. म्हणून उत्तरं देताना त्या बाजूला मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

«मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरीच लॅपटॉपवर गाणं केलं. शब्द, चाल, आवाज सगळं माझंच. पोट्टे म्हणतात, कॉपीराइट काढल्याशिवाय अपलोड करू नको. काका म्हणतात, पेनड्राइव्ह पाकिटात घाल, सील कर आणि स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठव. मॅडम, खरं काय?» – त्रिमूर्तीनगर, नागपूर

कॉपीराइट काढावा लागत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाणं तुम्ही स्वतः रचलंत की त्याचा हक्क तुमचा झाला. त्यासाठी नोंदणी लागत नाही, गोलातला ‘सी’ छापावा लागत नाही. पूर्वी संगीतकृती म्हणजे कागदावर लिहिलेली किंवा छापलेली सुरावट, अशी व्याख्या होती. १९९४च्या दुरुस्तीने ती अट गेली. आता स्वरलिपी लिहिलेली असो वा नसो, ज्याने चाल रचली तो संगीतकार. पेटीवर बसून शेकडो चाली लावणारे आणि एकही सूर कागदावर न उतरवणारे लोक आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांना कायद्याने माणसात आणलं ते तेव्हा.

मग नोंदणी कशाला? तर पुराव्याला. कलम ४८ म्हणतं की कॉपीराइटच्या नोंदवहीतली नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा. म्हणजे ‘हे माझं आहे’ हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्या डोक्यावरून उतरतं आणि ‘हे त्याचं नाही’ हे दाखवण्याचं ओझं समोरच्यावर जातं. तातडीचा मनाईहुकूम मागताना याची किंमत कळते.

अर्ज ऑनलाइन करता येतो, फॉर्म १४ नावाचा. कार्यालय दिल्लीत, द्वारकेला. आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे आणि अनेक जण गाण्याची सीडी घेऊन तिथे जातात. तिथे प्रशिक्षण चालतं, कॉपीराइटची नोंदणी होत नाही. कायद्याच्या लेखी तुमचं एक गाणं म्हणजे तीन वेगळ्या कृती: शब्द ही वाङ्मयकृती, चाल ही संगीतकृती आणि तयार फाइल हे ध्वनिमुद्रण. पहिल्या दोहोंचं शुल्क प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाचं २,०००. विद्यार्थ्याला एका गाण्यामागे ३,००० रुपये जड जातील, तेव्हा शब्द आणि चाल हजारात उरका. ध्वनिमुद्रण पुढे कमाईचं दिसलं तर बघू. चालीच्या अर्जाला स्वरलिपी जोडलेली बरी. तुम्हाला लिहिता येत नसेल तर गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना मुलं बसवणारे कोणतेही शिक्षक भातखंडे पद्धतीने लिहून देतील. अर्ज केला की डायरी क्रमांक मिळतो, मग हरकतींसाठी ३० दिवस थांबतात, मग छाननी. त्यात महिने जातात. तोवर गाणं कुलपात ठेवायची काही गरज नाही. डायरी क्रमांक मिळाला की खुशाल अपलोड करा. क्रमांक नसला तरी करा, पण पुढचं काम आधी करा.

काकांचं पाकीट विसरा. रिकामं पाकीट उघडंच पाठवून नंतर त्यात काहीही भरता येतं, हे न्यायाधीशांनाही ठाऊक असतं. शिवाय २०२५मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीनही करून टाकलं.

त्याऐवजी आज रात्री एवढं करा. तुम्ही ज्या सॉफ्टवेअरवर गाणं केलंत त्यातली मूळ प्रोजेक्ट फाइल, सगळे ट्रॅक सुटे असलेली, जशीच्या तशी ठेवा. चोराकडे शेवटची एमपी-थ्री असते. त्याच्याकडे फसलेला दुसरा अंतरा, बंद करून ठेवलेला बासरीचा ट्रॅक आणि ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरंच फायनल’ अशा नावांची फाइलींची रांग नसते. कोर्टात तुमची बाजू ही रांगच मांडते. मोबाइलवर पहिल्यांदा मुखडा गुणगुणला होतात ते रेकॉर्डिंग पुसू नका. हे सगळं स्वतःला आणि विश्वासातल्या एका माणसाला ई-मेल करा. फाइल मोठी असेल तर ड्राइव्हवर चढवा. फक्त व्हॉट्सॲपवर विसंबू नका, तिथे ऑडिओ दाबला जातो, नाव बदलतं आणि फोन गेला की सगळंच जातं.

त्यातल्या जाणकारांसाठी एक जास्तीची गोष्ट. १ जुलै २०२४पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू झाला. त्याच्या कलम ६३प्रमाणे डिजिटल फाइल कोर्टात द्यायची तर प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलचा हॅश नमूद करावा लागतो. हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची ओळ. फाइलमध्ये एक सेकंदाची शांतता वाढवलीत तरी ती ओळ बदलते. अपलोड करण्याआधी हॅश काढून त्याच ई-मेलमध्ये लिहून ठेवा. फुकट काम आहे, दोन मिनिटांचं.

«मी निवृत्त शिक्षिका. माझ्या कवितेला एका ओळखीच्या तरुणाने चाल लावली, नागपूरच्या स्टुडिओत गाणं झालं. मी व्हॉट्सॲपवर ‘छान झालंय, टाका’ असं लिहिलं. आता ते त्याच्या यूट्यूब वाहिनीवर आहे, खाली ‘सर्व हक्क राखीव’ म्हणून त्याचं एकट्याचं नाव. माझं नाव वर्णनातही नाही. विचारलं तर म्हणतो, स्टुडिओचे पैसे मी भरले. माझं काय उरलं?» – उमरेड

ताई, पुष्कळ उरलंय. शब्द तुमचे आहेत आणि तुमच्याच मालकीचे राहिलेत. कॉपीराइटचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असल्याशिवाय होतच नाही, हे कलम १९ स्पष्ट सांगतं. ‘टाका’ या एका शब्दातून वाहिनीवर ठेवायची परवानगी दिलीत असं तो म्हणू शकेल आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण परवानगी म्हणजे मालकी नव्हे. उद्या हेच गाणं एखाद्या जाहिरातीला किंवा चित्रपटाला विकायचं झालं तर तुमच्या सहीशिवाय त्याला ते करता येणार नाही.

त्याच्याकडे काय आहे? चाल त्याची. आणि स्टुडिओचे पैसे व सगळी जुळवाजुळव त्याने केली असेल तर ध्वनिमुद्रणही त्याचं, कारण ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो कायद्याने ध्वनिमुद्रणाचा निर्माता. म्हणून स्टुडिओचं बिल कोणाच्या नावाने फाटतं याला मी इतकं महत्त्व देते. आपल्याकडे बिलच फाटत नाही, रोख देऊन मोकळे होतात, आणि मग तीन जण तिन्ही बाजूंनी ‘मी दिले’ म्हणतात. गायिका वेगळी असेल तर तिच्याकडे कलाकार म्हणून तिचा स्वतंत्र हक्क आहे. संगीत संयोजकाला, आपण ज्याला अरेंजर म्हणतो त्याला, लोक हमखास विसरतात. कीबोर्डवर मधले तुकडे त्यानेच रचले असतील तर त्यालाही काही म्हणायचं असू शकतं.

नाव वगळण्याबद्दल: कलम ५७प्रमाणे लेखकाला स्वतःचं नाव सांगण्याचा नैतिक हक्क आहे. कॉपीराइट विकला तरी तो जात नाही. आधी साधं पत्र लिहा, ई-मेलने: सात दिवसांत वर्णनात आणि शीर्षकात माझं नाव घाला, तोवर माझी परवानगी स्थगित समजा. वकिलाची नोटीस त्यानंतर. तो तरुण लबाड असेलच असं मी म्हणणार नाही; बहुतेकांना हे ठाऊकच नसतं आणि नाव घालायला सांगितलं की घालतात.

हे सगळं अर्ध्या पानात टळलं असतं. मी माझ्या अशिलांना जो मजकूर देते तो इथे छापते, गाळलेल्या जागा भरून घ्या:

‘आज दिनांक … रोजी नागपूर येथे. “…” या गीताचे शब्द … यांचे, चाल … यांची, संगीत संयोजन … यांचे, गायन … यांचे. ध्वनिमुद्रणाचा खर्च … यांनी केला असून ध्वनिमुद्रण त्यांच्या मालकीचे राहील. शब्दांचा आणि चालीचा कॉपीराइट ज्याचा त्याच्याकडे राहील. हे ध्वनिमुद्रण … या वाहिनीवर आणि गाण्यांच्या ॲपवर … वर्षे ठेवण्यास आम्ही सर्व परवानगी देतो. त्यातून येणाऱ्या पैशांची वाटणी … अशी. गाणे जिथे जाईल तिथे सर्वांची नावे जातील. जाहिरात, चित्रपट वा अन्य वापरासाठी देण्यापूर्वी सर्वांची लेखी संमती घेतली जाईल.’

खाली सगळ्यांच्या सह्या. स्टुडिओत, चहाच्या वेळी, गाणं हिट होण्याआधी. एकदा पाच लाख लोकांनी ऐकलं की या कागदावर सही करायला कोणी तयार होत नाही. संयोजकाचा प्रश्न कायमचा मिटवायचा असेल तर ‘मोबदला रुपये … मिळाला, माझ्या संयोजनातील हक्क … यांच्याकडे हस्तांतरित’ असं वेगळं वाक्य त्याच्या सहीने घ्या.

«आमच्या भजन मंडळाने राष्ट्रसंतांच्या भजनांना नव्या चाली लावल्या. खंजिरीवर रेकॉर्ड करून टाकायचं आहे. संतांच्या शब्दांना कसला आला कॉपीराइट, असं सगळे म्हणतात.» – काटोल

भाऊ, संत कोणत्या काळातले ते बघावं लागतं. ज्ञानोबा-तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८चं. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे महाराजांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या रचनांचा ३१ डिसेंबर २०२८पर्यंत. ही मुदत आधी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा, १९९२मध्ये, ती दहा वर्षांनी वाढवली. ते झालं नसतं तर २०१८ संपतानाच ही भजनं खुली झाली असती. तोवर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी घ्या. भक्तिभावाने केलेल्या कामाला ती मिळायला अडचण येऊ नये. मंदिरात, सप्ताहात, धार्मिक विधीत म्हणण्याला मुळात आडकाठी नाही, कायद्यानेच ती सूट दिलेली आहे. प्रश्न फक्त रेकॉर्ड करून पसरवण्याचा. तुमच्या नव्या चाली मात्र तुमच्याच.

याच हिशेबाने सुरेश भट (निधन २००३) २०६३च्या अखेरपर्यंत आणि वामनदादा कर्डक (निधन २००४) २०६४च्या अखेरपर्यंत. आणि एक फसवी जागा: तुकोबांचा अभंग खुला असला तरी श्रीनिवास खळ्यांनी त्याला लावलेली चाल खुली नाही. खळे २०११मध्ये गेले, म्हणजे त्या चाली २०७१ संपेपर्यंत.

«रील्ससाठी सात सेकंद घेतले तर चालतं म्हणतात. तसंच आठ मात्रांचा तुकडा घेतला तर चोरी नाही, हे बरोबर का?» – सदर, नागपूर

नाही. सेकंदांचा असा कोणताही आकडा आपल्या कायद्यात नाही. राम संपत यांनी सोनी एरिक्सनच्या जाहिरातीसाठी ‘द थंप’ नावाचा तुकडा केला होता. तो ‘क्रेझी ४’च्या गाण्यांत वापरला म्हणून ते २००८मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले. चित्रपट एप्रिलमध्ये लागायचा होता. न्यायालयाने दोन्ही ऐकून, ती गाणी काढल्याशिवाय प्रदर्शनाला मनाई केली आणि निर्मात्यांनी दोन कोटी रुपये देऊन तडजोड केली. तुकडा जाहिरातीचा, पण ओळखू यायचा. घेतलेला भाग किती लांब यापेक्षा तो गाण्याचा प्राण आहे का, हे बघतात. उलट बाजूने, ‘पावसात भिजलेल्या मुलीवरचं गाणं’ ही नुसती कल्पना कोणाचीच नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८च्या आर. जी. आनंद प्रकरणात हे पक्कं केलंय.

«मी शास्त्रीय गायन शिकवते. माझ्या स्वतःच्या सत्तरेक बंदिशी आहेत. शिष्य मोबाइलवर रेकॉर्ड करतात, मैफलीतही गातात. एकदा एका बाहेरच्या गायकाच्या कार्यक्रमात माझी बंदिश ‘पारंपरिक’ म्हणून ऐकली. राग तर कोणाचा नसतो, मग बंदिश माझी कशी ठरवायची?» – लक्ष्मीनगर, नागपूर

तुमच्या पत्रावर थांबायला हवं, कारण अगदी याच प्रश्नावर अलीकडे मोठा खटला झाला. ‘पोन्नियिन सेल्वन २’मधलं ए. आर. रहमान यांचं ‘वीरा राजा वीरा’ हे गाणं आपल्या वडिलांनी आणि काकांनी रचलेल्या ‘शिवस्तुती’वरून घेतलंय, असं उस्ताद फैयाज वासिफुद्दीन डागर यांचं म्हणणं होतं. रचना अडाणा रागातली. एप्रिल २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, दोन कोटी रुपये न्यायालयात जमा करायला सांगितले आणि नाव द्यायला सांगितलं. राग कोणाचा नसला तरी त्यातली मूळ रचना कोणाची तरी असू शकते, हे तिथे मान्य झालं. सप्टेंबर २०२५मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो आदेश रद्द केला. कारण वाचण्यासारखं आहे: डागर बंधूंनी ती रचना गायली याचा पुरावा आहे, पण त्यांनीच ती रचली याचा पुरावा प्रथमदर्शनी पुरेसा नाही. गाणारा आणि रचणारा कायद्याच्या दृष्टीने वेगळे.

म्हणजे मैफलींची रेकॉर्डिंगं कितीही असली तरी तुमचं काम भागत नाही. तुम्ही रचल्याचा पुरावा हवा. जुन्या वाग्गेयकारांनी बंदिशीतच आपली मुद्रा गुंफली, सदारंग काय, प्रेमपिया काय, ती आज न्यायालयातही कामाची ठरली असती. तुम्ही मुद्रा वापरत नसाल तर वहीवर या. प्रत्येक बंदिशीखाली राग, ताल, रचल्याची तारीख, पहिल्यांदा कुठे गायली. खोडाखोडीची पानं फाडू नका. स्वरलिपीसह सगळ्या बंदिशींचं छोटं पुस्तक काढा, शंभर प्रती पुरेत. ‘रचना: स्वतः’ असं छापलेलं आणि तारीख असलेलं पुस्तक फार बोलतं. मैफलीच्या पत्रिकेतही ‘स्वरचित’ हा शब्द आग्रहाने घालून घ्या. निवेदकाला सांगून ठेवा, माईकवर तेच म्हणू दे आणि तेही रेकॉर्ड होऊ दे.

शिष्यांचं म्हणाल तर रियाजासाठी, शिकण्यासाठी रेकॉर्ड करणं कायद्याला मान्य आहे. तुमच्या परवानगीशिवाय इन्स्टाग्रामवर टाकणं नाही. गायक-वादकांना हा हक्क उशिरा मिळाला. १९७७च्या एका निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून म्हटलं होतं की आपल्या संगीतात गायक हाच खरा धनी आणि कायद्याला तो दिसतच नाही. कलाकाराचा हक्क कायद्यात यायला त्यानंतर १९९४ उजाडलं. आता तो ५० वर्षांचा आहे.

«मी रॅप आणि भीमगीतं दोन्ही करतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आत गाणं काढायचं म्हणून ऑनलाइन बीट विकत घेतली आणि शब्द टाकून अपलोड केलं. आठवड्यात यूट्यूबचा क्लेम आला, माझ्याच गाण्यावर! पैसे दुसऱ्याला जाऊन रायले. हे काहून?» – इंदोरा, नागपूर

दीक्षाभूमीच्या गर्दीआधी गाणं बाहेर यायला हवं ही घाई समजते, आणि घाईतच हे होतं. तुम्ही बीट विकत घेतली नाही, भाड्याने घेतली. स्वस्तातली परवानगी बहुधा सामाईक असते; तीच बीट आणखी वीस जणांकडे असते. त्यातल्या एकाने आपलं गाणं वितरकामार्फत यूट्यूबच्या कंटेंट आयडीत टाकलं की यंत्राला फक्त बीट ऐकू येते आणि उरलेल्या सगळ्यांवर क्लेम लागतो. अशी बीट कंटेंट आयडीत टाकायला बहुतेक परवान्यांत मनाईच असते. तुमचा परवाना उघडा, ते वाक्य शोधा, परवान्याची प्रत जोडून यूट्यूबवर डिस्प्यूट करा. समोरच्याला ३० दिवस मिळतात. उत्तर दिलं नाही तर क्लेम गळून पडतो. पुढच्या वेळी एकट्यापुरता परवाना घ्या, नाहीतर ढोलकी-हलगीवाल्याला बसवून स्वतःची बीट करा आणि त्याचीही सही घ्या.

तुमचंच गाणं दुसऱ्याने जसंच्या तसं टाकलं तर मार्ग वेगळा. कायद्याच्या कलम ५२ आणि २०१३च्या नियमांप्रमाणे लेखी तक्रार पोचल्यावर संकेतस्थळाने ३६ तासांत ते रोखायचं असतं. पण ते २१ दिवसांपुरतंच. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाहीत तर ते पुन्हा सुरू होऊ शकतं. दावा नागपुरातच लावता येतो, प्रतिवादी मुंबईचा असो की मेरठचा. कलम ६२ने तक्रारदाराच्या गावच्या जिल्हा न्यायालयाला अधिकार दिलाय. पोलिसांत जाता येतं का, हेही तुम्ही विचारलंत. येतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये सांगितलं. पण वस्तीतल्या दुसऱ्या पोरावर त्यापोटी अजामीनपात्र गुन्हा लावण्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन या.

«झाडीपट्टीत नाटकाच्या गाण्यांना मी चाली लावतो. एकरकमी पैसे मिळाले, कागद काही नाही. निर्माता आता त्याच गाण्यांचा अल्बम काढून ॲपवर टाकतो आहे. म्हणतो, विकत घेतलंय.» – वडसा, जि. गडचिरोली

कागद नाही म्हणजे त्याने चाली विकत घेतलेल्या नाहीत. तुम्ही पगारी नोकर नव्हता, कामापुरते बोलावलेले संगीतकार होता, तेव्हा मालकी तुमची. नाटकाच्या प्रयोगांत वाजवायची परवानगी मात्र त्या पैशांत आली. अल्बम हा वेगळा वापर, त्याचा वेगळा करार. तो कागद घेऊन आला तर तीन गोष्टी बघा. मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षंच धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि ‘रॉयल्टीवर कायमचं पाणी सोडतो’ असं वाक्य असेल तर हसून पुढे जा. २०१२च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून कोणालाही देऊन टाकता येत नाही. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि या बदलासाठी भांडले होते.

तुम्ही आयपीआरएसचे सदस्य व्हा. १९६९ची ही संस्था २०१७मध्ये नव्याने नोंदणीकृत झाली. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणं हे तिचं काम. झाडीपट्टीत महिनोन्महिने रात्र-रात्र गाणी वाजतात आणि चाल लावणाऱ्याचं नाव पोस्टरवर सगळ्यात खाली असतं. सदस्य झाल्यावर प्रत्येक गाणं तिथे नोंदवायला विसरू नका. आणि ध्यानात ठेवा, सोसायटीला दिलेले हक्क पुन्हा दुसऱ्या करारात देऊ केलेत तर तो दुसरा करार तेवढ्यापुरता रद्दबातल.

«एआयवर माझ्या आवाजाची नक्कल करून कोणी गाणं केलं तर?» – मनीषनगर, नागपूर

आवाज ही कॉपीराइटची कृती नाही, पण व्यक्तिमत्त्वाच्या हक्काखाली संरक्षण मिळू लागलंय. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४मध्ये अरिजित सिंग आणि २०२५मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने तसे आदेश दिले. त्यांचा आवाज देश ओळखतो हा त्यातला मोठा भाग. तुमचा-आमचा प्रश्न अजून खुला आहे. चाल एआयकडून काढून घेणाऱ्यांना मात्र सांगते, नोंदणीच्या अर्जात ‘रचना: मी’ लिहिण्याआधी दोनदा विचार करा.

«माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याचं गाणं एका कंपनीला आवडलंय, तीन वर्षांचा करार पाठवलाय. तो सही करायला उतावीळ आहे. नवा फोन घेतलाय म्हणून जुना एक्स्चेंजमध्ये देणार आहोत, त्या गडबडीत हे पत्र.» – रामदासपेठ, नागपूर

गाण्याचा कॉपीराइट अल्पवयीन मुलाचाही असतो, त्यात वयाची अट नाही. पण त्याने केलेला करार कायद्याने पोकळ, १९०३पासून हेच चालत आलंय. त्यामुळे सही त्याची नको. पालक म्हणून तुम्हाला करायची असेल तर ‘सर्व भावी रचना’ असे शब्द आधी खोडा. एका गाण्याचा करार एका गाण्यापुरताच असू द्या. कंपनीने पाठवलेली प्रत मला दाखवायला आणलीत तरी चालेल, पण त्याआधी जुना फोन दुकानात देऊ नका. मुखडा पहिल्यांदा त्यावरच गुणगुणला असेल तर ती रेकॉर्डिंगं तारखांसकट ई-मेलवर घ्या.